जंगल विकत घ्यायचं की राखायचं? मुलांच्या वर्गणीचा पिपलानी ते दोडामार्ग हिशेब

पिपलानी (भोपाळ) : शाळेत वर्गणीचा डबा फिरणं मुलांना नवीन नाही. ७ डिसेंबरच्या सशस्त्र सेना ध्वजदिनाला मुलं छोटे झेंडे देऊन निधी जमवतात. कुठं पूर आला की पूरग्रस्तांसाठी डबा फिरतो, भूकंप झाला की भूकंपग्रस्तांसाठी. अलीकडे त्यात 'जंगल वाचवा', 'एक एकर वर्षावन दत्तक घ्या' अशा आवाहनांची भर पडली आहे. मुलं लगेच तयार होतात. खाऊचे पैसे देतात, घरातल्या मोठ्यांच्या मागे लागतात. पण त्या दहा रुपयांचं पुढं काय होतं, त्यातून जंगल खरंच वाचतं का, हे सहसा कुणी सांगत नाही.

भोपाळच्या पिपलानीत उद्या असा डबा फिरला तर ज्या जंगलासाठी तो फिरेल ते सदाहरित जंगल तिथून नऊशे-हजार किलोमीटर लांब आहे. दोडामार्ग, आंबोली, चोर्ला, भीमगड ही ती नावं. म्हणजे देणारी मुलं तिकडं आणि जंगल आपल्या सीमाभागात. त्यामुळे हा हिशेब दोन्हीकडच्या मराठी माणसांना माहीत असायला हवा.

पिपलानीचा आणि सह्याद्रीचा संबंध काय?

१ नोव्हेंबर १९५६ रोजी नवं मध्य प्रदेश राज्य झालं आणि राजधानी नागपूरहून भोपाळला गेली. कचेऱ्यांबरोबर नागपूर-विदर्भातली अनेक मराठी कुटुंबंही गेली. त्याच वर्षी हेवी इलेक्ट्रिकल्स ही सरकारी कंपनी स्थापन झाली. पुढे ती भेलमध्ये विलीन झाली. कारखान्याभोवती पिपलानी, गोविंदपुरा, बरखेडा अशा वसाहती उभ्या राहिल्या. देशभरातली माणसं तिथं नोकरीला आली, त्यात मराठीही होती. आज त्यांची तिसरी पिढी शाळेत आहे.

भेलच्या या कारखान्यात पाण्यावर चालणारी टर्बाइनं बनतात. टर्बाइन फिरायला धरणात पाणी लागतं आणि ते पाणी धरून ठेवण्याचं काम डोंगरावरचं जंगल करतं. तेव्हा पिपलानीतल्या मुलाला जंगल आणि वीज यांचा संबंध समजावायला फार लांब जायला नको.

भोपाळच्या आसपासचं जंगल मात्र वेगळं. ते पानझडी. साग, तेंदू, पळस. उन्हाळ्यात पानं गळतात आणि पाऊस पडला की पुन्हा हिरवं होतं. भोपाळला वर्षाला साधारण अकराशे मिलिमीटर पाऊस पडतो. आंबोलीला तो सात हजारांच्या आसपास जातो. एवढ्या पावसात जे जंगल वाढतं ते बाराही महिने हिरवं असतं. वर उंच झाडांचं छत, खाली वेली, शेवाळ आणि कुजलेल्या पानांचा जाड थर. हा थर स्पंजासारखा पाणी पितो आणि हळूहळू सोडतो. मलप्रभा कणकुंबीला उगम पावते, हिरण्यकेशी आंबोलीला आणि म्हादई खानापूर तालुक्यातल्या रानात. म्हादईच्या पाण्यासाठी तीन राज्यं लवादापुढे भांडली. ज्या जंगलातून ते पाणी येतं, ते राखायला मात्र तीन राज्यं तेवढ्या हिरिरीने पुढे आलेली दिसत नाहीत.

१९८७ : स्वीडनमधली एक लहान शाळा

मुलांच्या पैशांतून वर्षावन वाचवण्याचं जगातलं सर्वांत गाजलेलं उदाहरण स्वीडनमधलं. १९८७ मध्ये फागरविक इथल्या लहानशा शाळेत एहा केर्न या शिक्षिका मुलांना वर्षावनांबद्दल शिकवत होत्या. ही जंगलं झपाट्याने तुटताहेत, हे ऐकल्यावर रोलँड तिएन्सू या नऊ वर्षांच्या मुलाने विचारलं की मग आपण ते जंगल विकत का घेऊ शकत नाही? त्याच सुमारास मध्य अमेरिकेतल्या कोस्टा रिकामध्ये काम करणाऱ्या शेरॉन किन्समन या जीवशास्त्रज्ञ शाळेत आल्या. मोंतेवेर्दे भागातली जंगलजमीन विकत घेऊन राखणारी एक संस्था १९८६ मध्ये तिथं सुरू झाली होती. मुलांनी कार्यक्रम केले, वस्तू विकल्या, पैसे जमवले आणि पाठवले. पहिल्या खेपेला सुमारे सहा हेक्टर जंगल घेता आलं.

सहा हेक्टर म्हणजे पंधरा एकर. आपल्याकडच्या एखाद्या बऱ्यापैकी बागायतदाराकडं असते तेवढी जमीन. पण गोष्ट पसरली. एका शाळेचं पाहून दुसरी, एका देशाचं पाहून दुसरा, असं करत ४४ देशांतल्या मुलांचे पैसे तिथं पोहोचले. त्यातून उभं राहिलेलं 'मुलांचं चिरंतन वर्षावन' आज सुमारे साडेबावीस हजार हेक्टरचं आहे. कोस्टा रिकामधलं ते सर्वांत मोठं खासगी राखीव जंगल. एहा केर्न आणि रोलँड यांना १९९१ मध्ये गोल्डमन पर्यावरण पुरस्कार मिळाला.

हे जमलं त्याला कारणं होती. तिथली बरीच जमीन शेतकऱ्यांच्या मालकीची होती, विकायला निघाली होती आणि संस्थेला ती कायद्याने घेता येत होती. शिवाय विकत घेऊन जागेवर राहणारी, पहारा देणारी संस्था आधीच हजर होती. या गोष्टी नसत्या तर मुलांच्या पैशांना पोहोचायला ठिकाणच नव्हतं.

त्याच वर्षी इकडं सह्याद्रीत

नोव्हेंबर १९८७ मध्ये 'पश्चिम घाट बचाओ' पदयात्रा निघाली. एक तुकडी उत्तरेकडून नवापूरहून, दुसरी दक्षिणेकडून कन्याकुमारीहून. तीन महिने चालून फेब्रुवारी १९८८ मध्ये दोन्ही गोव्यात फोंड्याजवळ रामनाथीला भेटल्या. त्याच्या चार वर्षं आधी, १९८३ मध्ये, शिरसी भागातल्या गावकऱ्यांनी झाडांना मिठ्या मारून तोड अडवली होती. तेच अप्पिको आंदोलन.

तिकडच्या मुलांनी जमीन विकत घेतली, इकडच्या माणसांनी पायपीट केली. यात कमी-जास्त काही नाही. आपल्याकडं जंगलाची मालकी आणि कायदा वेगळा, म्हणून वाटही वेगळी.

भारतात जंगल विकत घेता येतं का?

सरकारी जंगल विकत घेता येत नाही. विषय संपला. भारतातलं बहुतेक जंगल वन खात्याकडं आहे आणि १९८० च्या वन संवर्धन कायद्यामुळे त्याचा वापर बदलायलाही केंद्राची परवानगी लागते. 'ताडोबातला एक एकर तुमच्या नावावर' असं कुणी सांगत असेल तर सरळ नकार द्यावा.

राहिली मालकी जमीन. इथं प्रत्येक राज्याचा नियम निराळा.

महाराष्ट्रात शेतकरी नसलेल्याला शेतजमीन घेता येत नाही, परवानगीचे मोजके मार्ग सोडले तर. गोव्याने २०२३ मध्ये शेतजमिनीच्या हस्तांतरावर असाच निर्बंध आणला. कर्नाटकाने २०२० मध्ये आपली जुनी अट काढून टाकली. मध्य प्रदेशात बिगरशेतकरी शेतजमीन घेऊ शकतो, आदिवासींच्या जमिनीवर मात्र निर्बंध आहेत. त्यामुळे पिपलानीतल्या पालकाला सिहोरकडं रान घेता येईल, पण तोच माणूस शेतकरी नसेल तर दोडामार्गात त्याला सहज घेता येणार नाही.

त्यात कोकणातला सातबारा. एकेका उताऱ्यावर चाळीस-पन्नास नावं, निम्मी मुंबईत, काही हयात नाहीत. शिवाय 'वनसंज्ञे'चा घोळ. १९७५ च्या खासगी वने संपादन कायद्यानं बरीच मालकी जंगलं सरकारजमा झाली आणि कुठली झाली, कुठली नाही, यावर आजही वाद चालतात. आंबोली, चौकुळ, गेळे इथला कबुलायतदार गावकर जमिनीचा प्रश्न किती वर्षं रेंगाळला हे सिंधुदुर्गात कुणालाही विचारा. अशा जमिनीत मुलांचे पैसे गुंतवणं म्हणजे दिवाणी दावा विकत घेणं.

तरीही विकत घेऊन जंगल राखल्याची उदाहरणं भारतात आहेत. कर्नाटकात कोडगूमध्ये अनिल आणि पामेला मल्होत्रा या दाम्पत्याने १९९१ पासून पडीक मळे आणि रान घेत घेत सुमारे तीनशे एकरांचं अभयारण्य उभं केलं. केरळात वायनाडमध्ये तिरुनेल्ली-कुद्राकोट हा हत्तींचा जाण्यायेण्याचा मार्ग मोकळा करण्यासाठी वाइल्डलाइफ ट्रस्ट ऑफ इंडियाने परदेशी संस्थांच्या मदतीने जमीन घेतली, तिथल्या कुटुंबांचं संमतीने दुसरीकडं पुनर्वसन केलं आणि जमीन वन खात्याकडं सोपवली. ही कामं वर्षानुवर्षांची आणि कोट्यवधींची. एका शाळेच्या डब्यातून ती होत नाहीत.

जमीन मालकाचीच, झाडं मात्र उभी

मग मुलांच्या पैशाला जागा कुठं? त्याचं एक उत्तर रत्नागिरी जिल्ह्यातल्या संगमेश्वर तालुक्यात सापडतं.

कोकणातल्या मालकी जंगलाची तोड कशी होते, हे गावात सगळ्यांना माहीत असतं. ठेकेदार येतो, उभ्या झाडांचा एकरकमी सौदा करतो. मालकाला मुलीचं लग्न, घराचं छप्पर किंवा दवाखान्याचं बिल यासाठी पैसा हवा असतो. झाडं जळाऊ लाकूड आणि कोळशासाठी जातात. दहा-पंधरा वर्षांनी फुटवे वाढले की पुन्हा तोड. यात मालक वाईट नसतो. उभं झाड त्याला काहीच देत नाही, पडलेलं झाड पैसे देतं.

पुण्याच्या अप्लाइड एन्व्हायर्न्मेंटल रिसर्च फाउंडेशन या संस्थेने इथं संवर्धन कराराची पद्धत आणली. जमीन मालकाचीच राहते. ठरलेली वर्षं तोड करायची नाही, असा लेखी करार होतो आणि त्या बदल्यात मालकाला किंवा गावाला मोबदला मिळतो. याच भागात बेहड्याची प्रचंड जुनी झाडं आहेत. त्यांच्या ढोलीत धनेश घरटं करतो. ही झाडं तोडण्याऐवजी त्यांची फळं नियमाने गोळा करून औषधी बाजारात चांगल्या भावाने विकायची सोयही संस्थेने केली. आता उभं झाडही पैसे देतं. इथं महत्त्वाचं हे की सातबाऱ्याला हात लावावा लागत नाही.

दोडामार्गात ही गरज अधिक तीव्र आहे. तिथं मालकी रानं साफ होऊन रबर आणि अननसाच्या लागवडी झाल्या, त्या रस्त्यावरूनही दिसतात. सावंतवाडी-दोडामार्ग पट्ट्यातली वृक्षतोड मुंबई उच्च न्यायालयाने २०१३ मध्ये रोखली. २०२० मध्ये तिलारीचं २९.५३ चौरस किलोमीटर जंगल 'संवर्धन राखीव' झालं. पण हे राखीव क्षेत्र सरकारी जमिनीवरचं. बाजूची मालकी रानं मोकळीच. तिथल्या मालकाला बंदी आदेश मिळाला, उत्पन्न मिळालं नाही. बंदी आहे म्हणून तो गप्प आहे एवढंच.

याच तालुक्यात हेवाळे-बांबर्डे इथं देवराईत रानजायफळाची दलदल टिकून आहे. महाराष्ट्रात असं जंगल अगदी दुर्मीळ. ती कुणी विकत घेतली नव्हती. देवाची राई म्हणून गावाने कोयता चालवला नाही, म्हणून ती राहिली. कोकणात गावाच्या देवाला 'राखणदार' म्हणतात. जंगल राखायचं काम इथं नवीन नाही, फक्त त्याचा मोबदला कुणी कधी दिला नाही.

भांडवली खर्च आणि चालू खर्च

आता साधा हिशेब. समजा, पिपलानीतल्या एका शाळेत हजार मुलं आहेत. प्रत्येकाने महिन्याला दहा रुपये दिले, शाळेचे दहा महिने धरले, तर वर्षाला एक लाख रुपये जमतात.

हे लाख रुपये जमिनीत घातले तर पुढच्या वर्षी त्या जमिनीवर कोण उभं राहणार? वणवा पेटला, रात्री कुणी शिकारीला शिरलं, कुणी मेर सरकवली, तर कोण बघणार? रखवालदाराला महिना दहा हजार धरले तरी वर्षाला एक लाख वीस हजार होतात. म्हणजे एका शाळेच्या पैशात एक माणूसही पुरता पोसला जात नाही. जमीन घेणं हा एकदाच येणारा भांडवली खर्च, राखण हा दरवर्षी येणारा चालू खर्च. देणगीची पत्रकं पहिल्याबद्दल बोलतात, कारण 'तुमच्या नावाचा एक एकर' हे ऐकायला गोड लागतं. दुसऱ्याबद्दल कुणी बोलत नाही. कोस्टा रिकामध्येही जमीन घेऊन झाल्यावर वनरक्षकांच्या पगाराचा खर्च थांबलेला नाही.

हाच लाख रुपये कायम ठेवीत ठेवला आणि व्याज सहा टक्के धरलं, तर वर्षाला सहा हजार येतात. दहा शाळांनी असंच केलं तर साठ हजार, तेही दरवर्षी आणि मुद्दल शाबूत. दोन-चार मालकांच्या रानाचा करार त्यातून चालू शकतो. एक वर्ष मोठा गाजावाजा करून पाच लाख देण्यापेक्षा दहा वर्षं न चुकता पन्नास हजार देणं जंगलाच्या जास्त कामाचं. करार पाळणाऱ्या मालकाला तिसऱ्या वर्षी पैसे आले नाहीत, तर चौथ्या वर्षी ठेकेदार दारात असतोच.

डब्यात पैसे टाकण्यापूर्वी सहा प्रश्न

शाळा, पालक संघ किंवा मराठी मंडळ, कुणीही वर्गणी काढणार असेल तर हे विचारून घ्यावं.

१. जंगल नेमकं कुठलं? गाव, तालुका, गट नंबर. 'पश्चिम घाटात' एवढं उत्तर पुरेसं नाही.

२. जमीन कुणाच्या नावावर आहे? सातबारा ऑनलाइन पाहता येतो. दत्तक प्रमाणपत्र म्हणजे मालकी नव्हे, हे मुलांनाही स्पष्ट सांगावं.

३. पैसा मालकाला आणि गावाला किती, कार्यालयीन खर्चाला किती? कार्यालयाचा खर्च असतोच, तो लपवू नये.

४. संस्थेची कागदपत्रं आहेत का? विश्वस्त संस्थेची नोंदणी, लेखापरीक्षण अहवाल, ८०जी. दोन हजारांपेक्षा जास्त रोख देणगीवर ८०जीची सवलत मिळत नाही आणि नव्या करप्रणालीत ही सवलतच नाही. परदेशी संस्थेला थेट पाठवलेल्या पैशांवरही ती नाही.

५. परदेशातले नातेवाईक पैसे देणार आहेत का? भारतीय पासपोर्ट असलेल्या अनिवासी भारतीयाने स्वतःच्या कमाईतून दिलेली देणगी परकीय मानली जात नाही. तिकडचं नागरिकत्व घेतलेल्या काका-मावशीची मात्र मानली जाते, मग त्यांच्याकडं ओसीआय कार्ड असलं तरी. ती घ्यायला संस्थेकडं परकीय देणगी कायद्याखालची नोंदणी लागते.

६. पाच वर्षांनी काय? करार किती वर्षांचा आहे आणि पुढच्या पैशांची सोय काय, हा प्रश्न शेवटी लिहिला असला तरी सर्वांत महत्त्वाचा.

सगळंच पैशांनी होत नाही

भोपाळनेच ते दाखवलं आहे. जून २०२४ मध्ये शिवाजीनगर-तुलसीनगर भागात मंत्री आणि आमदारांच्या निवासस्थानांसाठी सुमारे २९ हजार झाडं जाणार, अशी योजना पुढे आली. रहिवासी रस्त्यावर उतरले, बायकांनी झाडांना मिठ्या मारल्या आणि सरकारने प्रस्ताव मागे घेतला. तिथं वर्गणीचा उपयोग नव्हता, माणसं हजर असण्याचा होता.

आणि जवळचं सोडून लांबचंच वाचवावं असंही नाही. भोपाळच्या वन विहारात २००९ पासून प्राणी दत्तक योजना आहे. ठरावीक रक्कम भरून एखाद्या प्राण्याचा ठरावीक काळाचा खर्च उचलता येतो. पैसा कशावर खर्च होतो हे मुलांना जाऊन डोळ्यांनी पाहता येतं. डिसेंबर २०२४ मध्ये रातापानी व्याघ्र प्रकल्प जाहीर झाला, तोही भोपाळच्या शेजारीच. गडचिरोलीच्या मेंढा (लेखा) गावाने २००९ मध्ये वनहक्क कायद्याने जंगलावर सामूहिक हक्क मिळवला आणि पुढे बांबू विकून गावाचा निधी उभा केला. अशी गावं मुलांना दाखवायला सहल काढली, तर तीही जंगलावर खर्च झालेली रक्कमच म्हणायची.

पिपलानीत वाढणाऱ्या मुलाला दोडामार्ग नकाशात शोधावं लागेल, हे खरं. पण तिथल्या एका मालकाचं नाव, त्याच्या रानाचा गट नंबर आणि यंदा तिथं धनेश दिसला की नाही एवढी माहिती दरवर्षी शाळेच्या फलकावर लागली, तर दहा रुपयांचा हिशेब त्या मुलाला आपोआप कळेल. ज्या संस्थेला एवढी माहिती देता येत नाही, तिला डबा देऊ नये.